गोणपाटावरचा शिमगा

फाल्गुन लागल्याचं माझ्या नाकाला आधी कळतं, पंचांगाला नंतर. डोंगरउतारावर राब भाजायला घेतलेले असतात. पाला, फांद्या, शेण असे थर रचून वाफा जाळायचा, म्हणजे पुढे त्यात पेरलेलं रोप जोमाने येतं. त्याचा कडवट धूर सकाळी दरीत उतरतो आणि उन्हं वर येईपर्यंत तिथेच लोळत पडतो. पांगाऱ्याला पान उरत नाही, नुसती लाल फुलं. काजूच्या मोहोराचा वास दुपारी अंगणापर्यंत येतो आणि डोकं जड करतो. आता मी महाडात लेकाकडे राहते. इथे राबाचा धूर येत नाही, तरी नाक आपलं सवयीने हुडकत असतं.

परवा गल्लीतून ढोल गेला. अजून होळीला आठवडा होता, पोरं नुसता हात साफ करत होती. शेजारच्यांच्या दारात सहा-सात महिन्यांचं कुत्र्याचं पिल्लू बांधलेलं असतं. ते साखळीला हिसके देत इतकं भुंकलं की शेवटी त्याचा घसा बसला. शेजारीण बाहेर आली, तिने चप्पल भिरकावली आणि "गप! गप म्हटलं ना!" असं त्याच्यापेक्षा मोठ्याने ओरडली. पिल्लू आणखी पेटलं. मला राहवलं नाही. खिडकीतून म्हटलं, "अगं, आधी तू भुंकायची थांब, मग तो थांबेल." तिला राग आला, आणि यायलाच हवा, खिडकीतून शहाणपण सांगणारी म्हातारी कोणाला आवडते? पण हे बोलायचा अधिकार मी एका शिमग्यात कमावलेला आहे. आज त्याची थोडी प्रौढी मिरवली तर बिघडलं कुठे?

तेव्हा मी सतरा वर्षांची होते. आगबोटीचे दिवस ते. नवरा मुंबईला गिरणीत. घरी यायचा तर आगबोटीने बाणकोट, तिथून मचव्याने महाड, आणि मग पायी पोलादपूर गाठून वर आमच्या वाडीपर्यंतची चढण. वर्षातून दोनदा आला तर नशीब. घरात आम्ही तिघंच. सासरे, त्यांना मी मामंजी म्हणे. सासूबाई, त्यांना आती. आणि मी. खाली दरीत आमची भाताची खाचरं होती, वर उतारावर नाचणी-वरी. आणि अंगणात भुऱ्या होता.

भुऱ्या माझ्या माहेरचा. माझे वडील तुडीलला शाळामास्तर होते. पहिल्या दिवाळसणाहून मी सासरी परत निघाले तेव्हा त्यांनी पाटीत घालून ते तपकिरी पिल्लू माझ्याकडे दिलं. लेकीला डोंगरात एकटं वाटू नये म्हणून. सावित्री ओलांडताना होडीत ते माझ्या पदरात शिरून कुई कुई करत होतं आणि मीही फारसं वेगळं करत नव्हते. त्याने पुढे जे जे उद्योग केले ते सगळे माझ्या माहेराच्या खात्यावर चढले. कोंबडीमागे धावला, तुडीलचा गुण. वाळत घातलेलं धोतर ओढलं, तुडीलची वळणं. पाहुण्याच्या अंगावर उडी मारली की आती कमरेवर हात ठेवून मला विचारी, "तुमच्या तुडीलला माणसांना भेटायची हीच रीत हाय काय गो?"

भुऱ्या चावरा मात्र नव्हता. त्याला जग फार आवडे आणि ते आवडणं त्याच्या अंगात मावत नसे, एवढंच. डोईवर हंडा-कळशी घेऊन चढण चढणारी बाई दिसली की तो पुढचे दोन पाय तिच्या छातीवर ठेवून तिचं स्वागत करी. हंडा घरंगळत खालच्या वाफ्यात जाई आणि बाईच्या तोंडून जे निघे ते आमच्या उंबऱ्यापर्यंत ऐकू येई. ढोल वाजला तर मात्र त्या आनंदात भीती मिसळायची, आणि मग तो कोणाचाच उरत नसे.

त्याच्या पहिल्याच शिमग्याला व्हायचं ते झालं. आमच्याकडे होळीनंतर गावदेवी काळकाईची पालखी घरोघर येते. वर्षभर आपण देवीकडे जायचं, या दिवसांत देवी आपल्याकडे. अंगणात आली की गडी दांडा खांद्यावर घेऊन ढोलाच्या ठेक्यावर पालखी नाचवतात, गुडघ्यांवर बसतात, उठतात, उडवून झेलतात. मग ती पाटावर टेकते आणि घरची बाई देवीची ओटी भरते. भुऱ्याला गोठ्याच्या खांबाशी बांधलं होतं. सुंभ तोडून, तुटका तुकडा गळ्यात घेऊन तो थेट पालखीखाली घुसला. पुढच्या गड्याचा तोल गेला, पालखी कलली, देवीचा चांदीचा मुखवटा घसरून कडेला टेकला. खाली पडला नाही, पण अख्खं अंगण गार झालं. पालखीचे मानकरी रामजी गावकर यांनी हात वर केला, ढोल थांबला आणि पालखी ओटी न घेता आमच्या अंगणातून निघून गेली. आती ओटीचं ताट हातात धरून तशीच उभी होती. त्या ताटातला नारळ आठ दिवस कोणी फोडला नाही.

वर्ष सरलं. माघी पुनवेला सकाळीच रामजी गावकर आमच्या ओटीवर येऊन बसले. सत्तरीचा माणूस, आवाज बारीक, पण गावात त्या आवाजावर कोणी बोलत नसे.

"धोंडू, म्हयन्यावर शिमगा आला," ते मामंजींना म्हणाले. "कुत्र्याचा काय ठरवलाव?"

मामंजी सुपारी कातरत होते. मान वर न करता म्हणाले, "धाडतंय घाटावर. वरचा धनगर येल तूप घेऊन, त्याच्यासंगती."

"बांधून ठेवलाव तर?" गावकरांनीच विचारलं आणि त्यांनीच मान हलवली. बांधण्यात अर्थ नव्हता हे गेल्या साली सगळ्यांनी पाहिलं होतं. कोंडणं त्याहून वाईट. कोंडलेलं कुत्रं रडतं, आणि देवी दारात असताना कुत्र्याने गळा काढावा याहून मोठा अपशकुन आमच्याकडे नाही.

मी दाराआड उभी होते. गावकरासमोर सुनेने बोलायचं नसतं हे मला माहीत होतं. तरी बोलले. "मला होळीपर्यंत द्या. मी शिकवते त्याला. पालखी आली तरी तो जागचा हलणार नाही."

गावकर इतके हसले की त्यांना खोकला आला. "ऐकलास काय धोंडू? मास्तराची पोर कुत्र्याची शाळा काढतेय! आनि परीक्षा घ्यायला दिपोटी सायब कोन येनार गो?"

"देवी येईल," मी म्हटलं.

त्यांचं हसणं थांबलं. "बरा," ते म्हणाले. "देवी येल. मी पालखी तुमच्या अंगनाबाहेर गडग्यापाशी थांबवीन. कुत्रा गप ऱ्हायला तर आत आनीन. नायतर तिथनंच माघारी, आनि मग ह्या अंगनात पालखी पुन्यांदा टेकायची नाय." आणि ते उठून गेले.

मामंजींनी अडकित्ता मिटला. "पोरी," ते म्हणाले, "माझा दार लावलंस तू पणाला." रागावले असते तर बरं वाटलं असतं. गावकरासमोर गेलेला शब्द परत आणता येत नव्हता. कुत्रा तर जाणारच होता. आता त्याच्याबरोबर घराचा मानही जाणार होता, आणि हे सगळं माझ्या जिभेने केलं होतं.

पहिले आठ दिवस मी जे शिकवलं ते आठवून आजही लाज वाटते. वडिलांच्या शाळेत जे पाहिलं होतं तेच केलं. हातात छडी घेतली, "बस" म्हणून ओरडले, नाही बसला की पाठीवर दिली. तो बसायला शिकला नाहीच, छडीला भ्यायला शिकला. मी हाक मारली की तो काजूच्या आड जाऊन उभा राही आणि शेपटी पायांत घालून माझ्याकडे बघे. ढोलाऐवजी मी रॉकेलचा रिकामा डबा बडवे. डबा वाजला की तो भुंके, तो भुंकला की मी ओरडे, मी ओरडले की तो आणखी भुंके. वाडीतल्या बायका पाणी नेताना थांबून ऐकत. "भरली काय गो शाळा?" असं विचारून हसत पुढे जात.

त्याच दिवसांत मामंजी एक पाडा जोताला शिकवत होते. कोवळा, आडदांड बैल, डोळ्यांचा पांढरा भाग दाखवणारा. मी शेणी थापता थापता बघत असे. पहिले दोन-तीन दिवस त्यांनी त्याच्या मानेवर जू ठेवलंच नाही. नुसतं गव्हाणीशेजारी आणून टेकवलं. पाडा हुंगे, फुरफुरे, मग पेंढा खायला लागे. मग एक दिवस ते मानेवर टेकवलं आणि मी श्वास घेते तोवर काढूनही घेतलं. मी न राहवून विचारलं, "लगेच का काढलंत?"

"बिथरायच्या आदी काढायचा," ते म्हणाले. "बिथरल्यावर काढलास तर जनावर काय शिकतं? बिथरलो की सुटतो. मग जलमभर बिथरतं."

हातातली शेणी हातातच राहिली. आठ दिवस मी नेमकं हेच उलट करत होते. तो भुंकून भुंकून दमला की डबा ठेवून देत होते. भुऱ्या हुशारच होता. भुंकलं की डबा बंद होतो, हे तो आठ दिवसांत माझ्याकडूनच शिकला होता. मास्तराच्या लेकीची शाळा चालली होती, फक्त धडा भलताच चालला होता.

मी छडी चुलीत घातली. एक जुनं गोणपाट घेतलं, ते फणसाखाली अंथरलं आणि भुऱ्याला काही न म्हणता स्वतःच त्याच्या कडेला बसले. पाव तासाने तो आला. गोणपाटावर पाय ठेवला तशी मी त्याच्यापुढे चिमूटभर सुकट टाकली. सुकट म्हणजे वाळवलेली बारीक कोळंबी. भुऱ्याने तिच्यासाठी सावित्री पोहून पार केली असती. दोन दिवसांत त्याला कळलं की जगात सगळीकडे जमीन आहे, पण गोणपाटावर सुख आहे. मग तो तिथे आपणहून आडवा होऊ लागला. गोणपाट मी अंगणात नेलं, गोठ्यात नेलं, पाणवठ्यावर नेलं. जिथे गोणपाट तिथे भुऱ्या, आणि जिथे भुऱ्या पसरला तिथे शांतता.

डबा वाजवायला माणूस हवं होतं. आतीला विचारायचं धाडस मी दोन दिवस गोळा केलं. तिचे गुडघे दुखत, तिला चालणं नको असे. पण ती म्हणाली, "बसल्या जागी वाजवायचा हाय ना? मग आन इकडं." गोणपाट अंगणात ठेवलं. पहिल्या दिवशी ती पार खालच्या काजूपाशी बसली आणि बोटाने डब्यावर टकटक केलं. भुऱ्याने कान उभे केले, मी सुकट टाकली, कान पडले. बस्स, त्या दिवशीची शाळा सुटली. दुसऱ्या दिवशी पुन्हा काजू, पण तळहाताने. मग काजूवरून आंबा, आंब्यावरून फणस. मामंजी जू टेकवत तसा आम्ही आवाज टेकवत होतो, आणि तो बिथरायच्या आधी काढून घेत होतो. आतीला त्यात इतका रस वाटू लागला की ती डब्यावर चांगला ठेका धरी आणि मधेच डोकं हलवी. लग्नाआधी तिच्या बापाकडे ढोल होता, हे मला सासरी आल्यावर दोन वर्षांनी तेव्हा कळलं.

माणसांना शिकवणं अवघड गेलं. भुऱ्याचे चारही पाय जमिनीवर असतील तरच त्याच्याशी बोलायचं, उडी मारली तर पाठ फिरवायची, असं मी वाडीतल्या एकेका बाईला विनवून सांगितलं. कोणाला ते पटेना. "कुत्र्याकडं पाठ फिरवायची? मग हंडा कोन सांभाळणार?" असं म्हणत. पण पाठ फिरवलेल्या बाईवर उडी मारण्यात मजा नाही हे भुऱ्याला चार दिवसांत समजलं. बायकांना समजायला पंधरा लागले.

त्या दुपारी आजही माझ्या अंगावर येतात, पण सुखाने. राबाचा धूर, खाली दरीत भारद्वाजाचा घुमणारा आवाज, अंगणात तापलेल्या शेणामातीचा वास, आणि गोणपाटाच्या कडेला मी, एक हात भुऱ्याच्या पाठीवर. त्याचा श्वास धापेकडून संथपणाकडे येताना मला तळहाताला कळे. मला तोवर वाटत असे की शांत राहणं म्हणजे काही न करणं. सतराव्या वर्षी सासरी मी तेच करत होते, मान खाली आणि तोंड बंद, आणि आत नुसता कालवा. त्या कुत्र्याशेजारी बसून मला कळलं की शांत होणं ही करायची गोष्ट आहे, दळण-कांडणासारखी. आधी मला ती यायला हवी, मग त्याला. मी आतून धडधडत असले की भुऱ्याला ते माझ्या हातातून समजे आणि तो उठून बसे. त्याला फसवता येत नसे.

गोणपाटाच्या शाळेच्या बाराव्या दिवशी मी घाई केली. फणसापासून अंगण अजून तीन मुक्काम दूर होतं, पण दिवस भराभर जात होते. आतीला मी थेट तुळशीपाशी बसवलं आणि म्हटलं, होऊन जाऊ दे. तिनेही हात राखला नाही. भुऱ्या अंगणाच्या दगडी गडग्यावरून उडी मारून रानात गेला तो दिवेलागणीला परतला, आणि गोणपाटाला वळसा घालून गोठ्यात जाऊन बसला. मी पायरीवर बसून रडले. मामंजी शेतातून येत होते. त्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा गोठ्याकडे पाहिलं. "कुठं चुकलीस?" त्यांनी विचारलं.

"फणसावरून एकदम अंगणात आणलं."

"मग फणसावर जाऊ नकोस. त्याच्याबी मागं जा. आंब्यावर," ते म्हणाले आणि पाय धुवायला गेले. मदत अशी त्यांनी पहिल्यांदाच केली होती. मी आंब्यावर गेले. सहा दिवस वाया गेले असं तेव्हा वाटलं. ते गेले नव्हते.

मग आतीची सवची वारी आली. महाडपलीकडे सवला उन्हाळं आहे, गरम पाण्याचे झरे. तिथे दर साली ती गुडघे शेकायला जाई. या वेळी तिने मला सोबत घेतलं, भुऱ्याला बैलगाडीमागून घेतलं आणि गोणपाट गाडीत टाकलं. महाडच्या बाजारात तांब्याची भांडी ठोकणाऱ्याच्या दुकानासमोर गाडी अडली. घणाचे ठोके असे की बैलांचे कान मागे गेले. मी घाईने गोणपाट खाली टाकलं. भुऱ्या त्यावर पसरला आणि हातोडीकडे कंटाळल्यासारखा बघत राहिला. दुकानदार हात थांबवून म्हणाला, "कुत्रा शहाणा आहे हो. कुठला?" माझ्या ओठांवर तुडील आलं होतं. आती गाडीतून वाकून म्हणाली, "आमचा हाय!" मी पदराआड तोंड लपवून हसले. त्या एका शब्दाने माझं माहेर निर्दोष सुटलं.

नवऱ्याचं कार्ड आलं. रजा मिळत नव्हती, शिमग्याला येणं होणार नव्हतं. खाली लिहिलं होतं, कुत्र्याला शिकवून झालं की मलाही शिकव, मुकादम ओरडला की माझंही डोकं फिरतं. ते कार्ड मी इतक्यांदा वाचलं की कोपरे मऊ पडले.

होळीच्या आदल्या दिवशी आतीने घर सारवायला काढलं. भांडीकुंडी अंगणात आली. आणि मग मी पाहिलं, ती सुकटीचं मडकं कमरेवर घेऊन खालच्या शेतातल्या खोपटाकडे, मांगराकडे निघाली आहे.

"आती, ते कुठे?"

"मांगरात. आता देवी येऊन जाईस्तोवर घरात वशाट नाय."

वशाट म्हणजे मासळी-मटण. देवी घरात येऊन जाईपर्यंत त्यातलं काही घरात राहत नाही, हे काय मला ठाऊक नव्हतं? आमच्याकडे तान्ह्या पोरालाही ठाऊक असतं. आणि तरी तीन आठवडे मी भुऱ्याला देवीच्या ढोलाला शांत राहायला शिकवत होते, ते सुकट चारून! ज्या दिवशी ती लागणार, नेमकी त्याच दिवशी ती घरात नसणार. चार बुकं शिकलेल्या बाईने एवढा साधा हिशेब चुकावा! मी आतीकडे बघितलं, आतीने माझ्याकडे. तिच्याही आत्ताच लक्षात आलं होतं. ती म्हणाली, "अगो बाय माझे," आणि मडकं घेऊन तशीच उभी राहिली. पण परत नाही आणलं. आणणं शक्यच नव्हतं.

भाकरीचा तुकडा देऊन पाहिला. भुऱ्याने तो हुंगला, बाजूला ठेवला आणि मी त्याला फसवल्यासारखं माझ्याकडे बघितलं. मग मी त्याच्या कानामागे खाजवत बसले, आतीने डबा वाजवला. तो उठला नाही, पण खूशही नव्हता. होळी पेटली आणि पुढचे दोन दिवस असेच काढले. हात पाठीवर असला की तो राहतो, एवढं कळलं. पालखी खालच्या घरांतून फिरत होती. ढोल दिवसेंदिवस जवळ येत होता, आणि मी त्यातल्या त्यात समाधान मानत होते की आंब्यावरून फणसावर यावा तसा तोही हळूहळूच येतो आहे.

होळीनंतर तिसऱ्या दिवशी दुपारी आमची पाळी आली. मी न्हाऊन, लुगडं नेसून बाहेर आले आणि भुऱ्याकडे वळणार तोच आतीने मला थांबवलं. "शिवू नकोस त्याला. ओटी भरायची हाय ना तुला?"

म्हणजे सुकट नाही, आणि आता हातही नाही. भिंतीलगत गोणपाट, त्यावर भुऱ्या, आणि दहा हातांवर ओटीचं ताट घेतलेली मी. मामंजी खांबाला टेकून उभे होते. ते कोणाकडेच बघत नव्हते.

पालखी चढण चढून आली. गुलालाने सगळे लाल झालेले. गडग्यापाशी रामजी गावकरांनी हात वर केला आणि ती थांबली, पण वाजप थांबलं नाही. ढोल होता, ताशा होता, आणि सनई होती. सनई! डब्यावर आम्ही सगळं वाजवलं होतं, पण सनई आम्ही कुठून आणणार होतो? तो लांब, चिरत जाणारा सूर निघाला आणि भुऱ्या चारी पायांवर उभा राहिला. त्याच्या मानेवरचे केस उठले. गावकरांनी ते पाहिलं. सगळ्यांनी पाहिलं.

भुऱ्याने वळून माझ्याकडे बघितलं. आणि मला कळलं की माझे खांदे कानांपर्यंत चढले आहेत आणि मी केव्हापासून श्वास घेतलेला नाही. बिथरले होते ती मी. तो फक्त मला विचारत होता, घाबरायचं का?

मी श्वास सोडला आणि पायरीवर खाली बसले. देवी गडग्यापाशी उभी आणि घरची सून ताट मांडीवर घेऊन बसलेली! आतीचा हात कपाळाला गेला, वाडीच्या बायकांत कुजबुज उठली. पण गोणपाटाच्या प्रत्येक शाळेची सुरुवात मी अशीच केली होती, काही न बोलता खाली बसून. मी बसले आणि खरोखरच बसले, आतूनही. भुऱ्याने मला नीट पाहून घेतलं. मग तो गोणपाटावर एकदा गोल फिरला, धप्पकन आडवा झाला आणि हनुवटी पुढच्या पायांवर टेकली.

मी हळूच उठले. तो उठला नाही. गावकरांचा हात खाली आला आणि पालखी आमच्या अंगणात शिरली.

काय नाचली ती! गेल्या सालची कसर भरून काढायची असं गड्यांनी जणू ठरवलंच होतं. गुडघ्यांवर बसली, उसळली, गर्रकन फिरली. धूळ आणि गुलाल असा उडाला की तुळस दिसेना. एका गड्याचा पाय गोणपाटापासून वीतभरावर आपटला. भुऱ्याने डोळा उघडला, पाय पाहिला आणि डोळा मिटला. मधेच त्याने लांबलचक जांभई दिली, तेव्हा ढोलवाल्यालाच हसू फुटून त्याचा ठेका चुकला. मला वाटलं आत्ता ओरडावं, नाचावं, तुडीलपर्यंत ऐकू जाईल असं सांगावं की बघा, बघा माझा भुऱ्या! मी आतीबरोबर ओटी भरली. तांदूळ पाटाबाहेर सांडत होते, पण मला त्याचं काही वाटलं नाही. गेल्या वर्षी राहिलेली ओटी या वर्षी देवीला पोचली होती.

ओटी झाली की गावकर नारळ फोडतात आणि घरातल्या माणसागणिक एकेक तुकडा देतात, अशी आमची रीत. ते खोबरं कापत विचारते झाले, "धोंडू, घरात किती जनां?"

"चार," मामंजी म्हणाले.

गावकरांनी मान वर केली. "लेक आला काय तुझा?"

"नाय. तो मुंबैला खातंय." मामंजींनी भिंतीकडे बोट केलं. "ह्यो चवथा."

रामजी गावकरांनी भुऱ्याकडे पाहिलं. मग त्यांनी तीन तुकडे ताटात ठेवले आणि चौथा घेऊन ते स्वतः भिंतीपाशी गेले. सत्तरीचा माणूस, एक हात गुडघ्यावर ठेवून वाकला आणि त्याने देवीचं खोबरं गोणपाटावर ठेवलं. भुऱ्याने ते पडल्या पडल्याच खाल्लं. उठला नाही, उडी मारली नाही. शेपटी तेवढी दोनदा जमिनीवर आपटली.

आणि मी, जिने महिनाभर सगळ्या वाडीला शांत राहायला शिकवलं होतं, ती देवीसमोर, गावासमोर, मोठ्याने हुंदके देऊन रडायला लागले. काही केल्या थांबेना.

"धोंडू," गावकर कंबर धरून सरळ होत म्हणाले, "कुत्रा झाला शिकून. आता सुनेला घाल शाळंत."